मीच वाढवलं

निवृत्त होऊन आता बरेच महिने झाले. तरी कुठल्याही हॉटेलच्या काउंटरवर उभा राहिलो आणि समोरच्याने 'सर, रेट चेंज झालाय' म्हटलं, की सानपाड्याचं ते प्रकरण माझ्यासमोर येऊन उभं राहतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्या एका जबाबाची मला लाज वाटते, तो याच प्रकरणातला आहे. नावं कुणाचीच देत नाही. ही माणसं अजून याच शहरात राहतात आणि त्यांना माझ्या लिखाणाचा त्रास नको.

माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मी पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. त्याच आठवड्यात स्टेडियमवर परदेशी गायकांचा मोठा कार्यक्रम होता आणि आम्ही सगळे बंदोबस्ताच्या तयारीत गळ्यापर्यंत बुडालो होतो. सकाळच्या हजेरीला मी माणसं मोजायचो आणि ती रोज कमीच भरायची. कुणाची आजारपणाची रजा, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न. बंदोबस्त जाहीर झाला की पोलिसांच्या नात्यात लग्नं फार निघतात.

अशाच एका सकाळी ठाणे अंमलदाराने एका वयस्कर गृहस्थांना माझ्या केबिनमध्ये आणलं. पासष्टीच्या पुढचे, पांढरा शर्ट, काखेत दवाखान्याची फाइल. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका मुस्लिम कुटुंबातले, निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर मराठी शिकवलेलं. त्यांना आपण मास्तर म्हणू. तक्रार अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणला होता आणि त्यात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नव्हती. आमच्या ठाण्यात असा अर्ज मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

तक्रार अशी होती. मास्तरांच्या पत्नीची नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. दीड महिना आधी त्यांनी रुग्णालयाजवळच्या हॉटेलात फोन करून पाच दिवसांसाठी खोली घेतली, आगाऊ रक्कम पाठवली, पावती मिळाली. पुढे डॉक्टर म्हणाले की आणखी दोन दिवस लागतील, म्हणून त्यांनी पुन्हा फोन करून तसं कळवलं. काउंटरवरच्या मुलीने 'हो सर, झालं' म्हटलं. ठरलेल्या दिवशी नवरा-बायको एसटीने आले, तर काउंटरवर उत्तर मिळालं की तुमच्या नावाचं बुकिंगच नाही. एक खोली आहे, पण आजच्या भावाने, म्हणजे ठरल्याच्या पाचपट. तेवढे पैसे जवळ नव्हते. शस्त्रक्रियेआधीचा सगळा काळ त्या बाई रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात खुर्चीवर बसून राहिल्या.

शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. बाई अजून अतिदक्षता विभागात होत्या. पुढचे काही दिवस त्यांना जवळपास कुठेतरी आडवं व्हायला जागा लागणार होती. मी म्हटलं, आगाऊ रक्कम परत मिळवून देतो.

"पैसे परत नकोत," मास्तर म्हणाले. "खोली ठरली होती ती कुणी मोडली, एवढंच मला कळायला पाहिजे."

दुपारी हॉटेलचे मालक स्वतःच हजर झाले. आमचा उपनिरीक्षक तिथे जाऊन आल्यामुळे त्यांच्या डोळ्यांत अंगार होता, पण तो मास्तरांवर नव्हता. हा माणूस मूळचा वाशीच्या घाऊक बाजारातला, कांदे-बटाट्याचा व्यापारी. बाजारात अजून गाळा आहे. काही वर्षांपूर्वी पैसा हाती आला तेव्हा सानपाड्याला तीस खोल्यांचं हॉटेल काढलं. मी त्यांना सरळ विचारलं की दीड महिना आधी ठरवलेल्या खोलीचा भाव पाचपट कसा होतो. त्यांनी मला जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

"साहेब, रूम म्हणजे कोथिंबीर," ते म्हणाले. "पहाटे एक भाव, नऊ वाजता दुसरा, दुपारी गाडी उलटी न्यायची पाळी. आज न विकलेली रूम उद्यासाठी टिकवून ठेवता येत नाय. म्हणून गिऱ्हाईक बघून भाव वरखाली होतो. तो गाण्याचा प्रोग्राम जाहीर झाला, त्याच दिवशी सकाळपासून सगळ्या नवी मुंबईचे रेट फुटले, वर उडाले. प्रोग्राम महिन्याने, पण भाव त्याच दिवशी."

"आणि ज्याने आधीच घेतलीय त्याचं?"

"त्याचा सौदा झाला. झालेला सौदा फिरवायचा नाय. माझ्या बापाने फिरवला नाय, मी फिरवला नाय. बाजारात माझं नाव विचारा." मग खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. ती त्यांची स्वतःची तक्रार होती, काउंटरवरच्या मुलीविरुद्ध. कॉम्प्युटरच्या नोंदीनुसार, भाव फुटले त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मास्तरांचं बुकिंग तिच्या लॉगिनमधून काढून टाकलेलं होतं. पाठोपाठ ती खोली एका ट्रॅव्हल एजंटला नव्या भावाने गेली होती. मधला फरक तिने आणि एजंटने वाटून घेतला असणार, असं मालकांचं म्हणणं. तिच्यावर गुन्हा दाखल करा आणि माझं नाव धुऊन द्या.

तो एजंट मला नवा नव्हता. सानपाडा स्टेशनजवळ त्याचं छोटं दुकान होतं आणि अधूनमधून तो आम्हाला उपयोगी खबर द्यायचा. त्याला बोलावलं. तो म्हणाला की खोली त्याने काउंटरवरूनच रीतसर घेतली, पावतीही आहे. मग आवाज बारीक करून म्हणाला, "साहेब, सगळीकडे हेच चाललंय. जुनी बुकिंगं उडवायची आणि फॅनलोकांना विकायची. त्या हॉटेलात कोन करतं म्हनाल तर ती पोरगी. दुसरं कोन असनार?"

त्यावेळी मी 'ती पोरगी' एवढंच ऐकलं. 'दुसरं कोण असणार' हे खबरेचं वाक्य नसतं, अंदाजाचं असतं, हे नव्या शिपायालाही शिकवावं लागत नाही. पण मला प्रकरण मिटवायचं होतं. लॉगिन तिचं, वेळ जुळलेली, फायदा उघड, वर खबऱ्याची साक्ष. काउंटरवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचंच राहत असे, ते केव्हाच पुसलं गेलं होतं. मला त्याचीही गरज वाटली नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर आली. सव्वीस वर्षांची, दिघ्याला राहणारी. वडील तिथल्याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत फिटर. ती हॉटेलात लागून जेमतेम तीन महिने झाले होते. महिला शिपाई हजर ठेवली, लेखनिक हवालदार कागद घेऊन बसला. आणि मालकही समोरच्या खुर्चीत बसून होते. त्यांना बाहेर बसवायला हवं होतं. ती माझी पहिली चूक.

रेट कसे फुटले, खोली कशी विकली गेली, कुणाचा किती फायदा झाला, हे सगळं मी तिला आधी ऐकवलं. समोरच्याला आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटलं की तो लवकर बोलतो, ही आमची जुनी रीत. मग विचारलं, "त्या दिवशी मास्तरांच्या बुकिंगमध्ये कुणी काही केलं का?"

"मी केलं, सर."

"काय केलंस?"

"वाढवलं. मीच वाढवलं."

मालकांनी टेबलावर हात आपटला. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने सांगते."

मी मान हलवली. रेटच्या चौकशीत बसलेल्या माणसाला 'वाढवलं' म्हणजे रेटच वाढवलेला ऐकू येणार. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्हाला दोघांनाही वाटलं की आपण एकच गोष्ट ऐकली.

ती पुढे काहीतरी सांगायला लागली होती. "सर, पण ते मी त्यांच्यासाठीच..." एवढं बोलली असेल. मी तिला थांबवलं. म्हटलं, जेवढं विचारलं तेवढंच सांग. हवालदाराने लिहिलं, 'सदरचे बुकिंग मीच वाढवले असे ती सांगते.' तिने वाचलं आणि सही केली. वाचून तिला त्यात काही खोटं दिसलं नाही, कारण तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. त्यानंतर ती माझ्या केबिनमध्ये एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पकडलं गेल्यावर माणसं अशीच गप्प होतात.

निघताना तिचे वडील दारात थांबले. "साहेब, पोरीचं काम झालंय. सरकारी दवाखान्यात क्लार्कची पोस्ट. लिस्टमधी नाव आलंय, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन राहिलंय. गुना दाखल झाला तर गेली ना नोकरी? मागं फिरून कोन घेतंय?"

बाप बरोबर बोलत होता. चारित्र्य पडताळणीत गुन्हा दाखल दिसला की पुढचं कुणी वाचत नाही. कोर्टातून निर्दोष सुटायला पाच-सात वर्षं जातात, तोवर ती जागा दुसऱ्याची झालेली असते. दिघ्याच्या गल्लीत, जिथे घरटी एकजण ठेकेदाराकडे राबतो, तिथल्या मुलीला पक्की सरकारी नोकरी लागणं म्हणजे अख्ख्या घराची दिशा बदलणं. हे सगळं मला कळत होतं. तरीही मी म्हणालो, कायदा त्याचं काम करील. हे वाक्य आम्ही पोलीस बहुतेक वेळा स्वतःचं काम टाळताना वापरतो.

त्याच दिवशी मी तिच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला पत्र पाठवलं की सदर महिलेविरुद्ध आमच्याकडे फसवणुकीच्या अर्जाची चौकशी चालू आहे, पडताळणी अहवालात नोंद घ्यावी.

गुन्हा मात्र लगेच दाखल केला नाही. नव्या कायद्यात अशा गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. वरिष्ठांची परवानगी लागते, ती घेतली. वाचकांनी यात माझी दया शोधू नये. कार्यक्रम संपेपर्यंत माझ्याकडे तपासाला द्यायला माणूसच नव्हता. तिचं नशीब म्हणायचं तर एवढंच की बंदोबस्तात माणसं कमी पडली.

कार्यक्रम पार पडला. दोन दिवस झोप काढून मी कागदपत्रं पुरी करायला हॉटेलवर गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. बरोबर उपनिरीक्षक आणि शेजारच्या दुकानांतले दोन पंच. कॉम्प्युटरच्या नोंदीची प्रत घ्यायची आणि काउंटरवरची वही पंचनाम्याने जप्त करायची, इतकंच काम होतं. मालक होते. काउंटरवर मालकांचे काका बसले होते. काका हे नात्याने नव्हे, मानाने. बाजारातल्या गाळ्यावर तीस वर्षं दिवाणजी होते, गुडघे गेले म्हणून मालकांनी त्यांना हॉटेलच्या गल्ल्यावर आणून बसवलं होतं. सातारा भागातले, कपाळाला गंध, नाकावर चष्मा.

वही लाल कापडी पुठ्ठ्याची, बाजारात असते तशीच. तारीख, नाव, खोली, आणि शेवटी बोटभर रुंदीचा शेऱ्याचा रकाना. मास्तरांच्या नावापुढे मुलीच्या अक्षरात एकच शब्द होता. 'वाढवले.' खाली तिची आद्याक्षरं.

उपनिरीक्षक म्हणाला, "सर, लेखी कबुली." मलाही तसंच वाटलं. पण एक गोष्ट खटकली. रेट वाढवून खोली विकणारा माणूस ते वहीत लिहून खाली सही कशाला करील? चोर चोरी करतो, पोच देत नाही.

पंचनामा लिहिणं चालू असताना मालकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "चला रे, वाढवा आता." आमच्या एका पंचाने ते ऐकून आशेने खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्याचं जेवण राहिलं होतं, त्याला वाटलं ताटं येणार. ताटं काही आली नाहीत. आतली शेगडी बंद झाल्याचा आवाज आला, रेस्टॉरंटचे दिवे गेले आणि शटर अर्धं खाली आलं. दुपारची वेळ संपली होती, हॉटेलवाल्यांनी रेस्टॉरंट बंद केलं होतं.

मी हातातली वही टेबलावर ठेवली. माझी आई बांगडी फुटली असं कधी म्हणत नसे. बांगडी वाढवली म्हणायची. आमच्या गावचा वाणी दुकान बंद करीत नसे, वाढवीत असे. बंद हा शब्द अशुभ, तो तोंडातून काढायचा नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि चार दिवसांपूर्वी माझ्याच केबिनमध्ये तो शब्द माझ्यासमोर पडला तेव्हा मला आठवलं नव्हतं.

मी काकांना वही दाखवली. "काका, हे काय लिहिलंय?"

"वाढवले."

"म्हणजे काय?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना स्वतःचं नाव विचारलं. "म्हंजे वाढवलं. गिऱ्हाईक येत न्हाई. शेटचा सक्त नियम हाय साहेब, गल्ल्यावर बसून बंद, रद्द, कॅन्सल असलं बोलायचं न्हाई. खोली सुटली तरी वाढवली, बुकिंग गेलं तरी वाढवलं."

"मग तुम्ही काय केलं?"

"वहीत वाढवले दिसलं, म्हनून कॉम्प्युटरमधनं काढलं. मग एजंट आला, त्याला दिली खोली."

"तुमच्या लॉगिनमधून?"

"मला कुठं जमतंय ते पासवर्डचं? पोरगी सहाला जायची, तिचंच उघडं असायचं. त्याच्यावरच करायचो."

मालक उभे होते ते खाली बसले. लॉगिन तिचं, हात काकांचा. भाव फुटल्याच्या दिवशीच बुकिंग निघालं हा निव्वळ योग. मास्तरांनी फोन नेमका त्याच दुपारी केला होता. काकांची लबाडी नव्हती. त्यांनी मालकाचा नियम पाळला होता.

पण मुलीने तो शब्द कोणत्या अर्थाने लिहिला होता, हे अजून मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं असंही नाही. मी ऐकलं नव्हतं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी घ्यावा असा नियम आहे. तो मी पहिल्या वेळी पाळला नव्हता, आता पाळला. महिला शिपायाला घेऊन त्याच संध्याकाळी दिघ्याला गेलो. गाडी बाहेर ठेवून गल्लीतून चालत जावं लागलं. आम्हाला पाहून शेजारची दारं उघडली, मग तिच्या आईने आपलं दार लावून घेतलं. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. हॉटेलने तिला घरी बसवलं होतं. मी बसलो नाही. एकच प्रश्न विचारला.

"काय वाढवलं होतंस?"

"दिवस, सर. दोन दिवस. त्यांच्या मिसेसचं ऑपरेशन होतं."

"मग कॉम्प्युटरमध्ये का नाही टाकलेस?"

ती सांगू लागली, आणि या वेळी मी मध्ये बोललो नाही. बुकिंगचे दिवस कॉम्प्युटरमध्ये बदलले की तो जुनं बुकिंग मोडतो आणि त्या क्षणाच्या भावाने नवं बनवतो. पाचही दिवस नव्या भावाने, फक्त वाढीव दोन नव्हे. गिऱ्हाईकाला वाटतं आपण आधी ठरवलंय, पण एक दिवस इकडेतिकडे केला की कॉम्प्युटरच्या लेखी तो आजचा नवा माणूस. त्या दुपारी तिने दिवस वाढवून पाहिले, तर पडद्यावर भलताच आकडा आला. म्हातारा माणूस, बायकोचं ऑपरेशन, एवढे कुठून देणार, म्हणून तिने ते तसंच मागे घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. जुन्या भावाने दोन दिवस देता येतील का हे काकांना विचारून मग तारखा टाकायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. आली तेव्हा काउंटरवर प्रोग्रामवाल्यांची झुंबड, आणि ती सांगायला विसरली.

"ती माझी मिस्टेक आहे सर. विसरले मी."

"आणि वाढवलं म्हणजे इथे बंद केलं, हे तुला माहीत नव्हतं?"

"काका बोलायचे, पण मला वाटायचं ते फक्त शटरचं. लिहायचं पण तेच असतं हे कोनी सांगितलं नाय."

मी विचारलं, हे सगळं त्या दिवशी का नाही सांगितलंस. विचारायला नको होतं. पण विचारलं.

"सांगत होते सर. तुमीच म्हनालात, जेवढं विचारलं तेवढंच सांग."

महिला शिपाई खाली बघायला लागली. मी पाणी मागितलं, ते प्यायलो आणि नवा जबाब स्वतःच्या हाताने लिहून घेतला.

तिथून थेट तिच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. पडताळणी अहवाल तयार होता. माझ्याच पत्राचा हवाला देऊन त्यात 'फसवणुकीची चौकशी प्रलंबित' असा शेरा मारला होता. जावक क्रमांक पडला होता, सकाळच्या टपालाने पुढे जाणार होता. तिथले निरीक्षक माझ्यापेक्षा वयाने लहान. म्हणाले, सर, तुम्ही फोन केला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, फोनवर हे काम नको, मला तो कागद डोळ्यांनी बघायचाय. आधीचं पत्र मागे घेतल्याचं नवं पत्र मी तिथेच बसून लिहून दिलं. 'प्रतिकूल काही आढळले नाही' असा अहवाल माझ्यासमोर सही होऊन लिफाफ्यात गेला, तेव्हा मी उठलो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समोरासमोर बसवलं. मास्तरांनी मोबाइलमध्ये जपून ठेवलेला तो कॉल दाखवला. तारीख तीच, वेळ दुपारची. मग म्हणाले की 'दोन दिवस वाढवा' हे शब्द त्यांचेच, मुलीने ऐकले तसे लिहिले. "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर वाक्य पुरं लिहा. आणि मीच फोनवर अर्धं बोललो."

काकांनी मुलीपुढे हात जोडले. तिने ते धरून खाली केले. मालकांनी आपली तक्रार मागे घेतली आणि आता सगळं मिटलं अशा सुरात हसू लागले. तेव्हा मास्तर त्यांच्याकडे वळले.

"चूक शब्दाची झाली, मान्य. पण माझी खोली दुसऱ्याला देताना मला एक फोन करायला कोणता शब्द आडवा आला?"

बाजारात मालकांनी सौदा फिरवला नसेल, पण इथे फिरला होता, आणि वाढलेल्या भावात कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. मास्तरांनी नुकसानभरपाई नाकारली. एकच मागितलं, बायकोला रुग्णालयातून सोडल्यावर तीच खोली ठरलेल्या दिवसांसाठी, ठरलेल्या भावाने. ती मिळाली. भाडं त्यांनी पूर्ण दिलं आणि पावतीवर 'सात दिवस' असं अक्षरी लिहून घेतलं. अर्ज मी दप्तरी दाखल केला.

एजंटला बोलावून विचारलं की त्या मुलीचं नाव कशावरून घेतलंस. तो म्हणाला, साहेब, तुमी विचारलं म्हनून अंदाज सांगितला. त्याला मी दोन शब्द सुनावले, पण त्यातला एक स्वतःलाच सुनावायला हवा होता.

हॉटेलचे भाव आगाऊ घेतल्यावरही का बदलतात, हे मला आता ओळखीचे लोक विचारतात. मी सांगतो, भाव खोलीचा नसतो, त्या दिवसाच्या गर्दीचा असतो. आपला भाव पक्का राहतो तो आपण बुकिंगला हात लावेपर्यंतच. तारीख बदला, माणूस बदला, दिवस कमीजास्त करा, की तो नवा सौदा. म्हणून बदल करण्याआधी विचारा, जुना भाव राहील का, आणि उत्तर लेखी घ्या, आकड्यात आणि अक्षरात. व्यवहाराला हे पुरेसं आहे.

माझ्या कामाला पुरेसं नाही. दोन-तीन महिन्यांनी, मी निवृत्त व्हायच्या आठवड्यात, मुलीच्या वडिलांचा फोन आला. नेमणुकीचं पत्र आलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. आवाज आनंदाने भरून आला होता. मी म्हटलं, तिला द्या जरा. ती फोनवर आली, थँक्यू सर म्हणाली. मी अभिनंदन केलं आणि मग जे दिघ्याच्या घरात म्हणायला जमलं नव्हतं ते म्हणालो.

"त्या दिवशी चूक माझी झाली."

आपल्याकडे अशा वेळी लोक 'असू दे' म्हणतात. मोठ्या माणसाला तर हमखास म्हणतात. मीही तेच ऐकायला थांबलो होतो.

"हो सर," ती म्हणाली. "झाली."

तिने ते रागाने म्हटलं नाही. जे खरं होतं ते म्हटलं, आणि फोन वडिलांना परत दिला.

नोकरीत मी किती जबाब घेतले याचा हिशोब नाही. त्यांत कबुलीचेही पुष्कळ असतील. मला हवा तो शब्द समोरच्याच्या तोंडून आला की मी हवालदाराला लिही म्हणायचो आणि पुढचं ऐकायचं थांबवायचो. तेव्हा मला ते कसब वाटायचं. या एका मुलीच्या बाबतीत बंदोबस्तामुळे उशीर झाला आणि मला परत जाऊन 'काय' असं विचारायची संधी मिळाली. बाकीच्या कुणाकडे मी परत गेलो नाही. आता त्यांचे पत्तेही माझ्याजवळ नाहीत.